‘नाही’चे बटण

नागरिकांचे जीवन सोपे करायचे असे कार्यालयाने ठरवले, तेव्हा नागरिकांना त्याची आगाऊ सूचना देण्यात आली नव्हती. दिली असती, तर काहींनी तरी खबरदारी घेतली असती.

या निर्णयामागे पुरेसे गांभीर्य होते. संचालक एका परिसंवादाला गेले होते आणि जेवणाआधीच्या सत्रात चुकून जागे राहिले. तेथील वक्त्याने सांगितले, की माणसाला दिवसभर सारखी निवड करावी लागते, हे की ते, आत्ता की मग, आणि त्यानेच तो थकून जातो. संचालकांना हे तत्काळ पटले. ते स्वतः गेली कित्येक वर्षे एकही निर्णय घेत नव्हते आणि त्यांची तब्येत ठणठणीत होती. हे सुख घरोघरी पोचवावे, असे त्यांच्या मनाने घेतले. परत येताच त्यांनी दुसऱ्या मजल्यावरची मोडक्या खुर्च्यांची खोली रिकामी करवली आणि तिथे ‘सुलभीकरण कक्ष’ सुरू केला. त्या खुर्च्यांपैकी ज्यांना अजून चारही पाय होते, त्या कक्षाच्याच वाट्याला आल्या.

कार्यालयाचे एक अ‍ॅप होते. पाणी, रस्त्यावरचे दिवे, कचरा, घरदुरुस्ती, पाडकाम, शहराचा सगळा गाडा त्यावर चाले. त्याचा पडदा म्हणजे बटणांचे कोठार होते. हवे ते बटण शोधताना जीव मेटाकुटीला येई, पण सापडले की काम होई. असल्या गैरसोयीत लोक वर्षानुवर्षे दिवस काढत होते. कक्षाने पहिल्याच आठवड्यात अ‍ॅपचे लांबलचक सरकारी नाव काढून टाकले आणि ‘शेजारी’ असे ठेवले. शेजाऱ्याशी बोलायला कुणाला नियमावली वाचावी लागत नाही, असे संचालक म्हणाले. त्यांचा स्वतःच्या शेजाऱ्याशी कुंपणावरून वाद चालू होता, पण तो विषय वेगळा.

काम बटणरावांकडे आले. बटणराव हे त्यांचे खरे नाव नव्हे. पडद्यावर कुठले बटण कुठे, केवढे नि कुठल्या रंगाचे, हे ठरवण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली होती, त्यामुळे अख्खे कार्यालय त्यांना तसे म्हणे आणि रागावली की बायकोही म्हणे. माणूस मनाचा चांगला. कुणाशी वाईटपणा घ्यायचा नाही, कुणाला दुखवायचे नाही, आणि वरिष्ठांना तर मुळीच नाही, एवढे त्यांचे साधे तत्त्वज्ञान होते. लहानपणी आई गेल्यावर त्यांना मावशीने वाढवले. मावशी टंकलेखनाचा वर्ग चालवी. पुढच्या खोलीत यंत्रे आणि मागच्या खोलीत संसार, अशा त्या बैठ्या घरात बटणराव दिवसभर टपटप ऐकत लहानाचे मोठे झाले. बोटाखाली एक दाबले की कागदावर तेच उमटते, दुसरे काही उमटत नाही, ही त्यांची बालपणीची श्रद्धा होती. नोकरीत ती हळूहळू गेली.

आता नियम असा होता, की पडद्यावरचा प्रत्येक बदल आधी सामान्य नागरिकाला दाखवून तपासून घ्यावा. पहिल्या दिवशी तळमजल्यावरच्या रांगेतून एका नळ दुरुस्त करणाऱ्याला वर आणले. त्याला पडदा दाखवून बटणरावांनी विचारले, “कसं वाटतं?”

“आमच्या गल्लीतलं गटार तुंबलंय,” तो म्हणाला. “ते कधी काढताय?”

प्रश्न गटाराचा नसून बटणाच्या गोलाईचा आहे, हे त्याला शांतपणे समजावण्यात आले.

“गोल असू दे नाहीतर चौकोनी. दाबलं की माणूस येतो का, तेवढं सांगा.”

दुसऱ्या दिवशी एका परिचारिकेला आणले. तिने पडद्याकडे पाहिलेसुद्धा नाही. जिन्यातला दिवा गेल्याने एक रुग्ण पडला होता आणि तिला त्याबद्दल बोलायचे होते. कक्षाच्या अहवालात नोंद झाली, की खऱ्या नागरिकांना कामे असतात आणि त्यामुळे चाचणीत व्यत्यय येतो.

यावर संचालकांनी तोडगा काढला. त्यांचे मेहुणे घरीच असत. त्यांना कसलेही काम नव्हते आणि पुढे असेल अशी चिन्हे नव्हती. त्यांची ‘सामान्य नागरिक (कायम)’ या पदावर नेमणूक झाली, खिडकीजवळ खुर्ची मिळाली, आणि सगळे त्यांना नुसतेच ‘सामान्य’ म्हणू लागले. स्वभावाने फारच गरीब माणूस. चहा गार झालाय, म्हटले तर म्हणत, चालेल. पंखा बंद पडलाय? चालेल. तुमच्या खुर्चीत जरा फायली ठेवू का? चालेल, म्हणून उभे राहत. उभ्या आयुष्यात ते कुणाला नाही म्हणाले नव्हते. लग्नाच्या वेळी मुलीकडच्यांनी ऐनवेळी नकार कळवला, तेव्हाही ते चालेल म्हणाले होते, असे संचालक अभिमानाने सांगत.

सामान्य रुजू झाले आणि कामाला वेग आला. पडद्यावरचे घरांचे क्रमांक पाहून त्यांचा गोंधळ उडाला, तेव्हा क्रमांक काढले आणि त्यांच्या जागी घराचे छोटेसे चित्र टाकले. उतरते छप्पर, एक दार, एक खिडकी. शहरातल्या सगळ्या घरांना तेच चित्र, त्यामुळे कुणाला कमीपणा वाटायला नको. ‘पाडकाम’ हा शब्द ऐकून सामान्यांनी कान झाकले, म्हणून त्याचे ‘मोकळी हवा’ झाले. मग बटणराव ‘होय’ आणि ‘नाही’पर्यंत आले. सामान्यांना बरेच दिवस प्रश्न विचारण्यात आले. पाण्याची वेळ बदलू का? कचऱ्याची गाडी बंद करू का? तुमच्या गल्लीतले दिवे काढू का? सामान्यांनी प्रत्येक वेळी ‘होय’ दाबले. ‘नाही’ला त्यांचे बोट चुकूनही लागले नाही.

अहवाल लिहिला गेला: ‘नाही’ हे बटण सामान्य नागरिक वापरत नसून ते जागा अडवते व वातावरण बिघडवते.

बटणरावांना जरा चुकचुकल्यासारखे झाले. “पण साहेब,” ते म्हणाले, “एखाद्याला खरंच नको असलं तर?”

“बटणराव, नको असलेल्याने आपल्याकडे यायचंच कशाला?”

“आपणच जातो ना त्याच्याकडे, साहेब.”

संचालक दिलदार होते. ‘नाही’च्या जागी ‘आत्ता नको’ घालायला त्यांनी परवानगी दिली. म्हणजे कुणी दुखावतही नाही आणि संबंधही तुटत नाहीत. या कामगिरीबद्दल बटणरावांना बटणाच्या आकाराचे काचेचे स्मृतिचिन्ह मिळाले, आणि कक्षाच्या उपप्रमुखाची जागा लवकरच भरायची आहे, असेही संचालक जाता जाता बोलून गेले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका सकाळी मावशीचा फोन आला.

“अरे, ते तुझं शेजारी मला काहीतरी विचारतंय.”

“काय विचारतंय?”

“‘नमस्कार! तुमच्या घराच्या जागी छान मोकळी हवा आणू का?’ आणि खाली एक तोंड हसतंय.”

“घरात मोकळी हवा, असं असेल मावशी. नीट वाच.”

“तीस वर्षं पोरांच्या चुका काढल्या मी. वाचता येतं मला. घराच्या जागी.”

मावशीच्या घरामागे जुने पंपघर होते. पडके, बिनछपराचे, ते पाडायचे कधीचे ठरले होते. पडद्यावर आता पंपघराला आणि मावशीच्या घराला शेजारी शेजारी एकसारखी चित्रे होती. पाडकाम अभियंत्याने त्यातले एक निवडले होते. डोळे चांगले उघडे ठेवून निवडले होते, पण डोळ्यांना दिसण्यासारखे तिथे काही उरले नव्हते.

“मग नाही म्हण की,” बटणराव म्हणाले आणि त्यांनी जीभ चावली.

“कुठे म्हणू? इथे ‘होय’ आहे आणि ‘आत्ता नको’ आहे. आत्ता नको म्हणजे काय रे? जेवणं झाल्यावर पाडा?”

“तू ‘आत्ता नको’ दाब. मी बघतो.”

मावशीने दाबले. ‘हरकत नाही! उद्या पुन्हा विचारतो,’ असे म्हणून शेजारी गेला आणि शब्दाला जागला. दुसऱ्या दिवशी मावशीने चूल पेटवण्याआधी तो हजर. तिसऱ्या दिवशी हजर. ‘काल तुम्ही आत्ता नको म्हणालात. आज जरा हलकं वाटतंय का?’ मावशीचे सगळे जिणे त्या एका प्रश्नाभोवती बांधले गेले. ती बहिणीच्या नातीच्या बारशाला गेली नाही, कारण वाटेत फोनची बॅटरी संपून उत्तर चुकले, तर परतायला घर उरले नसते. तिला तापही परवडेना. अंथरुणाला खिळायचे झाले तरी उठून रोज आपले घर एका दिवसाच्या बोलीवर राखायचे, हा नेम तिला लागला. त्या घरात तिचे मालक गेले होते आणि त्याच घरात तिने बटणरावांना लहानाचे मोठे केले होते. बटणरावांना हे सगळे माहीत होते आणि त्यांना मनापासून वाईट वाटत होते. ते ताबडतोब तळमजल्यावर गेले.

पाडकाम अभियंत्याने त्यांचे सगळे ऐकून घेतले. मग आपला पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यावर मावशीच्या घराचे चित्र होते आणि खाली दोन बटणे. ‘चला, सुरू करू या!’ आणि ‘थोड्या वेळाने’.

“रद्द करा ना,” बटणराव म्हणाले.

“इथे ‘रद्द’ होतं. लाल रंगाचं. कुणीतरी काढलं.”

लाल रंग डोळ्यांना टोचतो, असे सामान्य म्हणाल्याचे बटणरावांना आठवले.

“मग तुम्ही नुसतं करूच नका.”

“साहेब, न करणं हेसुद्धा इथे करावंच लागतं,” अभियंता म्हणाला. “त्याला बटण लागतं. मी आपलं रोज थोड्या वेळाने दाबतोय आणि तुमच्या मावशी आत्ता नको दाबतायत. दोघांपैकी एक जण ज्या दिवशी विसरेल, त्या दिवशी गाडी निघेल.”

मग बटणराव संचालकांकडे गेले. ‘नाही’ परत आणावे, अशी त्यांनी विनंती केली. संचालकांनी ती फेटाळली नाही, कारण फेटाळणे हाही निर्णयच. सामान्य नागरिकाने एकदा जरी ‘नाही’ वापरून दाखवले, तर ते शहराला परत देऊ, असे ते म्हणाले. लगेच चाचणी ठेवण्यात आली. सामान्यांसमोर ‘होय’ आणि ‘नाही’ मांडले. प्रश्न बटणरावांनी स्वतः काढले होते आणि त्यात त्यांनी सगळी माया, सगळी भीती पणाला लावली होती.

‘तुमचा चहा बंद करायचा का?’ पडद्याने विचारले. सामान्यांनी ‘होय’ दाबले.

‘तुमची खुर्ची जिन्याखाली ठेवायची का?’ ‘होय.’

‘तुमची उशी काढून घ्यायची का?’ ‘होय.’

“अहो, उशी,” बटणराव न राहवून म्हणाले. “रोजची. मानेखालची.”

“चालेल की. हात घेईन डोक्याखाली.”

एकच प्रश्न उरला होता. ‘तुम्ही राहता त्या घराच्या जागी आजच मोकळी हवा आणायची का?’

सामान्यांनी या वेळी थोडा विचार केला. बटणराव हात जोडूनच बसले होते. मग सामान्य म्हणाले, “चालेल,” आणि त्यांनी दाबले.

इथे एक तांत्रिक बाब सांगणे आवश्यक आहे. चाचणीचा पडदा वेगळा आणि खरा पडदा वेगळा, याने कर्मचाऱ्यांचा गोंधळ होई, म्हणून कक्षाने दोन्ही मागेच एक केले होते. आणि सामान्य बहिणीकडे, म्हणजे संचालकांच्याच घरी राहत. संचालकांच्या खिशातला फोन टिणटिण वाजला. ‘अभिनंदन! तुमच्या घराकडे गाडी निघाली आहे.’

कार्यालयाची कार्यक्षमता त्या दिवशी सर्वांना दिसली. चहा यायच्या आत ‘शेजारी’ची एक विशेष आवृत्ती तयार झाली. तिच्यात ‘नाही’ होते, चांगले तळहाताएवढे होते आणि लालभडक होते. संचालकांनी ते इतक्या जोरात दाबले की काचेला तडा गेला. गाडी अर्ध्या वाटेवरून परत फिरली. हे सगळे बटणरावांनीच केले होते, आणि हात अजून त्याच कामात आहेत तोवर बोलून घ्यावे म्हणून ते म्हणाले, “साहेब, हीच आवृत्ती मावशीच्या फोनवर टाकू का?”

संचालक घाम पुसत होते. “ही संचालक आणि त्यावरील पदांसाठी आहे, बटणराव. मावशींचा हुद्दा काय?”

“टंकलेखन शिकवायची. आता निवृत्त.”

“मग अडचण आहे. आज मावशी, उद्या कुणाची आत्या. सगळेच नाही म्हणायला लागले तर शहर चालायचं कसं? त्यांचं आपण पुढच्या टप्प्यात बघू. तोवर उपप्रमुखाचं तुमचं वर पाठवतो. चालेल ना?”

बटणरावांना बरेच काही म्हणायचे होते. त्यांच्या डोळ्यांसमोर मावशीचे घर होते, तसेच टेबलावरचे काचेचे बटणही होते, आणि ते जास्त जवळ होते.

“चालेल, साहेब,” ते म्हणाले.

कोपऱ्यातल्या सामान्यांनी पहिल्यांदाच मान वर करून त्यांच्याकडे आपुलकीने पाहिले.

यानंतर सुधारणा थांबल्या नाहीत. शहरात एव्हाना सारख्या चित्रांमुळे अनेकांची घरे चुकून पाडकामाच्या यादीत गेली होती आणि निम्मे शहर उठल्या उठल्या ‘आत्ता नको’ दाबत होते. लोक रोज सकाळी देवाआधी ‘शेजारी’चे नाव घेतात, याचा कक्षाला आनंद झाला. पण रोज दोन बटणांतून एक निवडायचे म्हणजे नागरिकांना किती त्रास, याचेही कक्षाला वाईट वाटले. म्हणून ‘आत्ता नको’ काढले आणि ‘होय’ जरा करकरीत वाटते म्हणून तेही बदलले. पडद्यावर आता एकच बटण उरले. त्यावर लिहिले होते, ‘चालेल’.

“मावशी, तू काही दाबूच नकोस,” बटणरावांनी निरोप दिला. “दाबलं नाहीस तर ते काही करू शकत नाहीत.”

ते खरे होते. पूर्वी उत्तर चुकले की गाडी निघे, पण आता ‘चालेल’ दाबल्याशिवाय संमती धरता येत नसे. पण उत्तर मिळेपर्यंत प्रश्न पडद्यावरून हलत नसे आणि फोनला दुसरे काही करू देत नसे. मावशीने फोन यंत्राच्या खोळीत गुंडाळून माळ्यावर टाकला. कार्यालयाने घरासमोर पाडकामाची गाडी आणून उभी केली आणि चालकाला सांगितले, की हुकूम येईपर्यंत बसून राहा. चालक बिचारा सकाळपासून संध्याकाळपर्यंत उन्हात बसे. मावशीने त्याला आत बोलावले, पाणी दिले, आणि नुसता काय बसतोस म्हणून यंत्रासमोर बसवले. आठवडाभरात त्याची बोटे नीट पडू लागली. डाव्या हाताची करंगळी तेवढी अडखळे.

“गाडी चालवणाऱ्याचा हात आहे, जड पडतो,” मावशी म्हणाली. “पण बघून दाबतो. हल्ली तेवढंही कोण करतं?”

इकडे बटणरावांचे कार्यालयीन कामही सोपे झाले होते. परिपत्रके, बैठका, मंजुऱ्या, सगळे आता ‘शेजारी’वरच येई आणि खाली ‘चालेल’ असे. ते दाबल्याशिवाय फोन पुढे सरकत नसे. बटणराव जिना चढताना दाबत, दाढी करताना दाबत, बायको बोलत असताना तर हमखास दाबत. अंगठा आपला आपण चाले, त्यासाठी डोळ्यांची गरज नव्हती. असेच एक परिपत्रक त्यांनी चपला घालता घालता मंजूर केले. त्यात म्हटले होते, की काही नागरिक उत्तर न देता कामे अडवून ठेवतात. तरी यापुढे घरातल्याने उत्तर दिले नाही, तर प्रश्न त्या घराच्या जवळ असलेल्या कुणाही शेजाऱ्याला विचारावा. एका सामान्य नागरिकाची संमती ही सर्वांची संमती समजावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी बटणराव मावशीकडे गेले. उपप्रमुखपदाचे नक्की झाले होते, ते सांगायला गेले होते. मावशी अंगणात स्टुलावर बसून यंत्राच्या पट्ट्या पुसत होती आणि पुढच्या खोलीत चालक धडा गिरवत होता. मावशीने बातमी ऐकली. हातातले फडके खाली ठेवले.

“तूच केलंस ना हे सगळं?”

“मला सांगितलं तसं केलं, मावशी.”

“कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, ते उगाच नाही. मी तुला एवढं शिकवलं. नाही म्हणायला नाही शिकवलं, ही चूक माझी.”

ती रागावली असती तर बटणरावांनी सोसले असते. ती चूक स्वतःकडे घेत होती, हे त्यांना सोसवेना. त्यांना एकदम भरून आले. लहानपणी ताप आला की याच अंगणात ती त्यांना मांडीवर घेऊन बसे आणि आत वर्ग चालू राही. काय ते उपप्रमुखपद आणि काय ते काचेचे बटण. उभ्या आयुष्यात जे केले नाही ते आज करायचे, असे त्यांनी ठरवले. संचालकांना आत्ताच्या आत्ता फोन लावायचा आणि स्वच्छ सांगायचे, की नाही. जमणार नाही. त्यांनी खिशातून फोन काढला. मनात एक विलक्षण हलकेपणा होता.

फोन उघडला. पडद्यावर काहीतरी आले होते. रोजच्यासारखे हसरे तोंड, दोन ओळी, आणि खाली बटण. संचालकांचा क्रमांक त्याच्या मागे दडला होता. घाई बटणरावांना होती, अंगठ्याला नव्हती, पण अंगठ्याने आपले काम केले. ‘चालेल.’ पडदा मोकळा झाला.

आत टपटप थांबली. चालक फोन हातात घेऊन दारात आला. त्याचा चेहरा पडला होता.

“मावशी,” तो म्हणाला, “यंत्रं तेवढी बाहेर काढू या. हुकूम आला.”

चालक आणि बटणराव, दोघांनी मिळून यंत्रे अंगणात आणली. बटणराव मधे पडायला गेले, पण नेमके काय म्हणायचे ते त्यांना सुचले नाही. संचालकांचा फोन लागेपर्यंत छप्पर गेले होते, आणि संचालक म्हणाले, की संमती रीतसर असल्यामुळे आता त्यांचाही नाइलाज आहे. बैठे घर, फार वेळ लागला नाही. धूळ खाली बसल्यावर मागचे पंपघर रस्त्यावरून स्पष्ट दिसू लागले. त्याला कुठे ओरखडाही नव्हता. हवा मात्र खरोखरच मोकळी झाली होती.

मावशी स्टुलावरून उठली नव्हती. यंत्र तिने मांडीशी धरले होते.

“कुणी दाबलं रे?”

बटणरावांच्या हातात फोन तसाच होता. त्यावर आले होते: ‘धन्यवाद, शेजारी!’

“कुणीतरी सामान्य माणसाने,” ते म्हणाले.

“वाचलं नसेल का त्याने?”

बटणरावांनी फोन खिशात टाकला. मावशी आता त्यांच्याकडेच राहते. चालक सुट्टीच्या दिवशी येतो आणि त्याची करंगळी सुधारली आहे. बटणराव उपप्रमुख झाले. कार्यालयाने झाल्या प्रकाराची चौकशी केली आणि कुणाचाही दोष नसल्याचे आढळले.

ही हकीकत वाचून काही वाचकांना त्या माणसाचा राग आला असेल. तो येणे स्वाभाविक आहे. राग ओसरल्यावर त्यांनी एवढेच करावे, की आज सकाळपासून आपल्या स्वतःच्या फोनवर आपण कशाकशाला होकार दिला आणि त्यात काय लिहिले होते, ते आठवून पाहावे. नाही आठवले तरी चालेल.